कोरं रक्त

माझी बायको गेली तेव्हा तिच्या तोंडी देवाचं नाव नव्हतं, सशांचं होतं. दवाखान्यात शेवटी शेवटी ती फार बोलत नसे. एका सकाळी मला खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाली, "भोळे मॅडमले सांगजो. खुना मी व्हत्यात तश्याच करेल व्हत्यात."

सशांच्या अंगावरच्या खुणा मी होत्या तशाच केल्या होत्या, असं तिचं म्हणणं. पोरीला वाटलं, आईला भ्रम झाला. मला ठाऊक होतं. तो काटा तिच्या अंगात बऱ्याच वर्षांपासून होता.

म्हणून भोळे मॅडमबद्दल लिहायला बसलो. मी चौथी शिकलेला माणूस, गोड लिहिता येत नाही. शिवाय त्या बाईवर माझा राग होता, आणि तो अजून सगळा उतरलेला नाही. वाचणाऱ्याने हे धरून वाचावं.

मी मूळचा साक्रीकडचा. जळगावला एका कॉलेजात प्राणीघरावर शिपाई होतो. प्राणीघर म्हणजे मागच्या अंगाला पत्र्याची शेड. आत ससे आणि पांढरे उंदीर. शेडला लागूनच आमची खोली. उन्हाळ्यात जळगावचा पत्रा काय तापतो ते जळगावच्या माणसाला सांगायला नको. मी आणि बायको मिळून पिंजऱ्यांभोवती ओली गोणपाटं टांगायचो, दिवसभर त्यांच्यावर पाणी मारायचो. सशांना आधी थंडावा, मग आम्हाला.

भोळे मॅडम तिथं आल्या त्या पुण्याहून मोठी पदवी घेऊन. माहेर फैजपूरचं, केळीवाल्यांचं. लग्न केलेलं नव्हतं. अंगाने काडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पुरुषी घड्याळ, आणि वेणी मात्र मनगटाएवढी जाड. आडनाव भोळे, पण इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. पोरं मागे हसायची. समोर कोणाची छाती नव्हती.

पहिल्या आठवड्यातच माझी आणि तिची जुंपली. फ्रीजरमध्ये तिने एका वाटीत पाण्याचा बर्फ करून ठेवला होता आणि बर्फावर चार आण्याचं नाणं. मला वाटलं, ही बाई माझी परीक्षा बघते. मी नाणं चोरतो का ते बघायचंय हिला. मी तोंडावरच विचारलं, "मॅडम, माझ्यावर भरोसा नाही का?"

"नाही," ती म्हणाली. "तुमच्यावर नाही, विजेवरही नाही. मी घरी असताना लाइट गेली आणि परत आली, तर मला कोण सांगणार? बर्फ वितळला तर नाणं खाली जाईल. पुन्हा गोठला तरी नाणं तळाला राहील."

मी म्हटलं, "मी सांगेन ना."

"सांगाल. पण नाणं पण सांगेल."

अशी ती. दुखवायचं म्हणून बोलायची नाही, पण दुखेल म्हणून थांबायचीही नाही. तिच्या टेबलावर दुधाच्या पावडरचा डबा असायचा आणि आम्हाला चहा कायम बिनदुधाचा. एकदा मी चमचाभर पावडर घ्यायला गेलो तर तिने मनगटच धरलं. चिडली की पुण्याची भाषा गळून पडायची आणि फैजपूर बाहेर यायचं. "मले काय येडी समजून राहिले का? मोजून ठेवलीय ती." ती पावडर कशाला, तर एका कागदाला पाजायला. कागदावर रिकामी जागा राहिली की सिरम, म्हणजे सशाच्या रक्ताचं पाणी, भलतीकडे चिकटतं, म्हणून आधी सगळा कागद दुधाने भरून घ्यायचा. हे तिने समजावलं खरं, पण कागद दूध पितो आणि माणसं काळा चहा पितात, हे माझ्या बायकोला कधी पटलं नाही. ती मॅडमसाठी घरून बकरीचं दूध घालून चहा आणायची. मॅडम आधी वास घ्यायची, मग प्यायची.

आता तिचं काम काय होतं ते सांगतो. नाहीतर पुढचं कळणार नाही. मला जसं तिने सांगितलं तसं सांगतो.

आपल्या अंगाच्या कणाकणात एक बारीक धागा असतो, लांबच लांब. तो रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांना हिस्टोन म्हणतात. काही रिळांवर बारकी खूण चिकटलेली असते, आणि जिथं खूण तिथं धागा सैल सुटतो. ती खूण डोळ्यांना दिसत नाही. मग काय करायचं, तर खुणेसकट रिळाचा एक तुकडा सशाला टोचायचा. सशाच्या अंगाला तो परका वाटतो आणि त्याच्या रक्तात त्याला पकडणारी अँटिबॉडी तयार होते. सशाच्या कानाच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं, थिजू द्यायचं, वर पिवळं पाणी सुटतं ते सिरम. ते सिरम खुणेच्या रिळाला धरेल आणि बिनखुणेच्या रिळाला शिवणार नाही, तर खरं. दोघांनाही धरलं तर कचरा.

"आमच्या बागेत व्यापाऱ्याचा माणूस येतो," ती म्हणाली, "कापायच्या घडावर खूण करून जातो. कापणारा गडी खूण बघून कापतो. तो बिनखुणेचेही घड कापत सुटला तर? दिसायला काम जोरात दिसेल. बाग गेली."

तिचा बाप म्हणे खुणा झाल्या की संध्याकाळी बाग फिरायचा आणि सकाळी पुन्हा फिरायचा. रातोरात कोणीतरी खुणा वाढवून जातं, असं त्याचं म्हणणं होतं. तिथूनच हे बाईत उतरलं असणार.

सुई टोचायच्या आधी प्रत्येक सशाचं थोडं रक्त काढून ठेवायची. त्याला ती कोरं रक्त म्हणायची. पुढं सशाच्या रक्ताने काहीही दाखवलं की पहिला प्रश्न, "कोरं काय म्हणतं?" आधीपासूनच तसं होतं का, हे बघितल्याशिवाय ती काहीच मानायची नाही. होता होता ते तिचं बोलणंच झालं. कोणी काही ठासून सांगितलं की म्हणायची, "कोरं दाखवा."

आमच्या आळीत तिच्याबद्दल वेगळंच चाललेलं. सशाच्या रक्ताने केस काळे आणि दाट होतात, अशी बायकांची समजूत. त्यात मॅडमची ती वेणी. बायका माझ्या बायकोच्या मागे लागल्या, थोडं आणून दे. मलाही शंका आली, खोटं कशाला सांगू. इतकं रक्त जातं कुठं? मी काही दिवस नळ्यांवर पाळत ठेवली. शेवटी बायकोने सरळ मॅडमलाच विचारलं. मॅडम म्हणाली, "अक्का, माझी आई बघा, मावशी बघा. दोघींची वेणी याहून जाड आहे, आणि दोघींनी ससा हातात धरलेला नाही."

माझी बायको घरी येऊन म्हणाली, "त्या बाईनी केसंनं बी कोरं दाखाडी दिन्हं." तिने केसांचंही कोरं दाखवून दिलं म्हणे. त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

दोघींचं जमणं म्हणजे भांडणच. एकदा आमच्या शेजाऱ्याला कावीळ झाली. बायकोने साक्रीकडून पाल्याचं औषध मागवून त्याला दिलं, आणि तो उठला. ती ते कौतुकाने मॅडमला सांगत होती. गावातली कितीतरी माणसं त्याने उठली, म्हणाली.

मॅडमने विचारलं, "आणि ज्यांनी नाही घेतलं, ती किती उठली?"

"ज्यास्नी घेतलं नही त्यास्ले कोन इचारस?" बायको म्हणाली.

मॅडम खुर्चीवर मागे रेलून हसली. मी तिला तशी हसताना फार कमी वेळा पाहिलं. म्हणाली, "अक्का, सगळ्या कॉलेजात हे फक्त तुम्हालाच कळलं. कोणी विचारतच नाही."

बायको फुगली. तिला वाटलं आपली चेष्टा केली. मलाही तसंच वाटलं होतं. आता वाटतं, नसावी.

मुख्य काम दोन सशांवर होतं. एकाला खुणेचा तुकडा टोचलेला, दुसऱ्याला बिनखुणेचा. ओळखू यावेत म्हणून औषधी पिवळ्या रंगाने एकाच्या कानावर ठिपका, दुसऱ्याच्या पाठीवर. आम्ही एकाला कान्या म्हणायचो आणि दुसऱ्याला पाठ्या. रंग फिका पडला की वरून पुन्हा लावायचं काम माझं. कान्याचं सुरुवातीचं सिरम इतकं साफ निघालं की मोठे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, स्वतः त्या दूध पाजलेल्या कागदाचा फोटो हातात घेऊन वऱ्हांड्यात फिरले. सिरम चिकटेल तिथं काळी रेघ उठते. खुणेच्या रिळापाशी रेघ, बिनखुणेपाशी काही नाही. मोठ्या ठिकाणचे लोक ते बघायला येणार होते. कान्याचं पुढचं सगळं सिरम एका बाटलीत जमवायचं, ती त्यांना द्यायची. त्यांना पसंत पडलं की मॅडमची नोकरी कायम. तोवर ती हंगामी होती, दरसाल ऑर्डरची वाट बघणारी. बाप आजारी, घरची बाग भावांच्या हातात, बाईला दुसरा आधार नव्हता. त्या बाटलीवर तिचं सगळं होतं.

त्यात पोळा आला. मॅडम फैजपूरला गेली. मी भावाकडे गावी गेलो, बैल सजवायला हात लागतो. बायको मागे एकटी राहिली, जनावरांना खाऊ घालायला.

पोळ्यानंतरचं रक्त बाटलीत गेलं आणि मॅडमने सवयीने बाटली तपासली. काळी रेघ दोन्हीकडे. खुणेलाही, बिनखुणेलाही. पुन्हा तपासली. तेच. मॅडम त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी फ्रीजरला कुलूप आलं, शेडला नवं कुलूप आलं. वाटीतलं नाणं वरच होतं, म्हणजे वीज गेलेली नव्हती. म्हणजे माणूस. तिच्या जागेवर डोळा असलेले एकदोघे होते, त्यांना विचारून झालं. मग मला.

"पोळ्याला किल्ली कोणाकडे होती?"

"घरी."

"शेडमध्ये कोण गेलं?"

मी काही बोलायच्या आत बायको दारातून म्हणाली, "मी जायेल व्हतू. त्यास्ले न्हावाडं."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिला कळेना की यात एवढं बघण्यासारखं काय आहे. ती सांगत गेली. जे जनावर आपलं काम करतं त्याला पोळ्याला न्हाऊ घालावं लागतं, आपल्याकडे बैल नाहीत, हे ससेच आपले बैल. कोमट पाण्याने धुतलं, जुन्या लुगड्याने पुसलं, हळद लावली, पुरणपोळीचा तुकडा दाखवला. पोळी त्यांनी खाल्ली नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं.

मॅडमने हळू विचारलं, "आणि ठिपके?"

"धोवाई गयात. मंग मी हळदना कयात. व्हतात तठेच."

ठिपके धुऊन गेले, मग हळदीचे केले, होते तिथेच. मी गावाहून आल्यावर त्याच पिवळ्यावर औषधाचा रंग चढवला होता, कोणाला फरक दिसायचं कारण नव्हतं. आता कान्या खरा कान्या होता की पाठ्या, हे जगात एकट्या माझ्या बायकोला ठाऊक. आणि तिच्यावर भरोसा कोणाचा? मोठे सर म्हणाले, "संपलं. बदलले ससे. पाठ्याचं रक्त बाटलीत गेलं, म्हणून बिनखुणेलाही रेघ." ती शपथा घेत राहिली. चांगल्या जनावराची ओळख मला चुकेल का, म्हणाली. तिचं कोणीच मानलं नाही. त्यात चार दिवसांनी, पुन्हा रक्त काढायच्या आधीच, कान्या मेला, मागोमाग पाठ्याही. लोक म्हणाले, आंघोळीने गारठा बसला. आता तपासून बघायचीही सोय राहिली नाही.

मोठ्या सरांनी मॅडमला केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेर स्टुलावर होतो, दार अर्धं उघडं.

"फोटो साफ आहे ना?" सर म्हणाले. "फोटो दाखवा. बाटली शेजारी ठेवा. बाटली कोण तपासणार आहे?"

"मी," मॅडम म्हणाली.

"मॅडम, तुमच्या ऑर्डरचा प्रश्न आहे."

"हो."

"उद्या सांगू, पुढची बाटली करतोय म्हणून. आज गप्प राहा."

"सर, फोटो एका रक्ताचा आणि बाटली दुसऱ्याची. हे मी केलं तर रातोरात खुणा वाढवणारा चोर मीच. मग माझा बाप बाग फिरायचा तो माझ्यासारख्यांसाठीच."

ती बाहेर आली, मला हाक मारली. "सुकलालभाऊ, साक्षीला या." आणि बाटली बेसिनमध्ये ओतली. पिवळं पाणी, थोडा फेस. नळ सोडला. पाहुणे आले, रिकामं टेबल बघून चहा पिऊन गेले. पुढच्या वर्षाची ऑर्डर आली नाही.

जायच्या आदल्या दिवशी ती आमच्या खोलीवर आली. बायकोने मान वर केली नाही. चहा दिला. मॅडमने वास न घेता प्यायला. बायको शेवटी रडतच म्हणाली, "मॅडम, मन्हामुये व्हयनं का?" माझ्यामुळे झालं का?

आता इथं कोणीही माणूस काय म्हणेल? नाही म्हणेल. खोटं का होईना, नाही म्हणेल. वयाने मोठी बाई पदर तोंडात धरून विचारते आहे. मॅडमने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मला माहीत नाही, अक्का."

माझा राग तो हा. नोकरी घालवली तिने स्वतःच्या हट्टाने, आणि दोष ठेवून गेली माझ्या चुलीपाशी. पुढं माझ्या बायकोने कधी जनावराला हळद लावली नाही. पोळ्याला मातीचे बैल आणायची, पाणी शिंपडायची, लांबून. मला म्हणायची, "तिन्ही नही म्हननी नही." तिने नाही म्हटलं नाही. हेच घोकत राहायची.

मी रिटायर झालो, आम्ही पोरीकडे धुळ्याला आलो. बायको आजारी पडली. होळीच्या आधी गेली.

परवाच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या स्टँडवर मला भोळे मॅडम दिसली. केस पांढरे, वेणी तशीच जाड. पायात कॅनव्हासचे बूट. शिरपूरच्या गाडीसमोर उभी राहून आधी पाटी वाचली, मग कंडक्टरला विचारलं, मग उतरलेल्या एका माणसाला विचारलं. त्यावरूनच ओळखली. मी पुढं झालो. तिने चष्म्यातून बघितलं.

"सुकलालभाऊ. अक्का कशा आहेत?"

"गेली," मी म्हटलं. "तुम्हाला निरोप आहे तिचा." आणि दिला. खुणा होत्या तशाच केल्या होत्या.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. स्टँडवर केळीवाला ओरडत होता. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे. बरोबर केल्या होत्या."

"कशावरून?"

"पोळ्याच्या आधी कान्याचं रक्त काढलं होतं, त्याची एक नळी माझ्याकडे राहिली होती. नंतर तपासली. तीसुद्धा दोन्ही रिळांना चिकटत होती. ससा जुना झाला की कधी कधी त्याचं रक्त सैल धरायला लागतं. ते पोळ्याच्या आधीच बिघडलेलं होतं. आंघोळीचा काही संबंध नाही."

 माझ्या डोळ्यांसमोर तो मातीचा बैल आला आणि लांबून शिंपडलेलं पाणी.

"मग सांगितलं का नाही? इतकी वर्षं?"

"राहून गेलं," ती म्हणाली.

हा शब्द मी त्या बाईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिचं काही राहून जात नसे. कोणती नळी कोणत्या डब्यात, कोणत्या रांगेत, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. आणि नेमकी ती नळी तेव्हा सापडू नये, नंतर सापडावी, आणि सांगायचं राहून जावं. मी तिच्या हाताखाली वर्षं काढलेला माणूस. मी म्हटलं, "मॅडम, कोरं दाखवा."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. चिडेल असं वाटलं. चिडली नाही.

"शिरपूरला आहे, माझ्याकडे," ती म्हणाली. "या. दाखवते."

कंडक्टरने घंटी मारली. ती चढली.

शिरपूर धुळ्याहून लांब नाही. पोरगी म्हणते, बाबा, जाऊन या, तुमचं मन निवेल. मी गेलेलो नाही. नळी असेल तर माझी बायको खरी होती. नळी नसेल, तर जी नोकरीसाठी एक खोटं बोलली नाही, माझ्या बायकोच्या रडण्यासाठी बोलली नाही, ती त्या दिवशी फलाटावर बोलली. मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करतो. उठून गाडीत बसत मात्र नाही.

गाडी हलली तेव्हा ती खिडकीपाशी होती. मी हात वर केला. तिचं लक्ष नव्हतं. ती शेजारच्या बाईकडे वळून काहीतरी विचारत होती. गाडी शिरपूरचीच ना, हेच असणार.